न चावल्याची नोंद

अर्जावर देवदत्तची सही होऊन दोन दिवस झाले होते. तिच्या खाली 'आईची सही' असं छापलेलं होतं आणि पुढे टिंबांची ओळ. ती ओळ अजून रिकामी होती.

अर्ज शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी होता. शाळेने काढून टाकलं, असं त्यात कुठेच नव्हतं. 'घरगुती अडचणीमुळे आमच्या पाल्याचा दाखला मिळावा, ही विनंती' एवढंच. मुख्याध्यापक गुरुबसप्पा सरांनी तो चेतनाच्या हातात दिला तेव्हा त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. "मी काही सांगत नाही, ताई," ते म्हणाले होते. "आठवीपर्यंत मला कुणाला काढता येत नाही आणि मला काढायचंही नाही. तुम्हीच विचार करा. शनिवारी अकरा वाजता अजिंक्यचे वडील येणारेत. त्याच्या आत काय ते ठरलं तर सगळ्यांनाच बरं."

अजिंक्य हा चेतनाच्या लेकीच्या, संस्कृतीच्या वर्गातला, तिसरीतला मुलगा. मंगळवारी खिचडीच्या रांगेत संस्कृती त्याच्या दंडाला चावली होती. रक्त आलं होतं. पालकांच्या ग्रुपवर त्या दंडाचा फोटो फिरला आणि खाली कुणीतरी लिहिलं, 'नाव ठेवताना जरा विचार करायचा होता.' त्यावर चार जणांनी हसरे चेहरे टाकले. चेतनाने ते चारही नंबर पाहिले. त्यातल्या दोघींच्या मुली संस्कृतीच्या वाढदिवसाला घरी येऊन गेल्या होत्या.

चेतनाचा नवरा देवदत्त बार्शीला एका कॉलेजच्या ऑफिसात होता. सकाळी सहाची एसटी धरायचा, रात्री आठपर्यंत परत. सही करताना त्याने फार वेळ घेतला नव्हता.

"रोज त्याच नजरांमधे कशाला पाठवायचं तिला?" तो म्हणाला. "होटगी रोडला बघू एखादी शाळा."

"तिथेही हीच संस्कृती जाईल."

"जाईल. पण तिथे हिच्याबद्दल कुणाला काही माहीत नसेल. निदान पहिले आठ दिवस तरी."

आठ दिवस, असं तो म्हणाला ते चेतनाच्या मनात रुतून बसलं. लेकीला आठ दिवस मिळावेत म्हणून बाप शाळा बदलायला निघाला होता.

संस्कृती आठ वर्षांची होती. डॉक्टरांकडे जुलैमधेच नेऊन आणलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बुद्धी उत्तम आहे, घाबरू नका. हिला राग येतो तेव्हा हात आणि दात आधी पोचतात, विचार मागून येतो. औषधाचं आत्ताच बघायला नको. घर आणि शाळा, दोघांनी मिळून नोंद ठेवा. कधी झालं, कुठे झालं, त्याच्या आधी काय झालं. नोंद नीट असेल तर कारण सापडतं.

नोंद ठेवणं हे तर चेतनाचं रोजचंच काम होतं. ती पाणी तपासणी प्रयोगशाळेत होती. जिल्ह्यातल्या गावोगावच्या विहिरींचं, बोअरचं, टाक्यांचं पाणी बाटल्यांतून यायचं. प्रत्येक बाटलीवर गावाचं नाव, तारीख, कुणी भरलं त्याची सही. तपासणीच्या कुपीत पाणी घालून ठेवायचं. काळं पडलं तर पिण्यास अयोग्य, नाही पडलं तर योग्य. नवीन कुणी कामाला लागलं की चेतना पहिल्याच दिवशी सांगायची, चांगली निघालेली बाटलीसुद्धा रजिस्टरला चढवायची. फक्त काळ्याच लिहिल्या तर वर्षाअखेरी रजिस्टर उघडणाऱ्याला वाटेल, सगळा जिल्हा घाण पाणी पितोय.

तिने दोनशे पानी वही आणली, निळ्या पुठ्ठ्याची. पट्टीने रकाने आखले. डावं पान घराचं : झोप किती, नाश्ता काय, सकाळी कशी होती. उजवं पान शाळेचं : तारीख, वेळ, ठिकाण, काय झालं, आधी काय झालं. वर्गशिक्षिका इंद्रायणी बाईंना तिने ती अठरा ऑगस्टला नेऊन दिली. बाईंच्या वर्गात चव्वेचाळीस मुलं होती, शिवाय सर्वेक्षणाची कामं, परीक्षांचे कागद. दुसरी कुणी असती तर तिने 'बघू' म्हणून वही कपाटात टाकली असती. बाईंनी ती उघडून रकाने वाचले आणि म्हणाल्या, "लिहीन मी. रोज दप्तरात घालून पाठवते."

तसं त्यांनी केलंही. आठ आठवडे ती वही संस्कृतीच्या दप्तरातून शाळेत जात होती आणि घरी येत होती.

शुक्रवारी चेतना साडेपाचला घरी आली. संस्कृती खाली आवारात सायकलच्या फेऱ्या मारत होती. चाकाला लावलेला पुठ्ठा तारांवर आपटल्याचा आवाज खिडकीतून येत होता, जवळ यायचा, लांब जायचा. उद्या रिकाम्या हाताने जायचं नाही, असं चेतनाने ठरवलं होतं. ती वही घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली.

नोंदी एकूण तेवीस. चावणं, ओरबाडणं, पाटी फेकणं, वर्गाबाहेर पळणं. तिने आधी झोपेशी लावून पाहिलं. काही निघालं नाही. नाश्त्याशी लावून पाहिलं, वारांशी लावून पाहिलं. वेळेपाशी मात्र थोडं थांबावं लागलं : तेवीसपैकी चौदा नोंदी एक वीस ते एक चाळीस या वेळातल्या होत्या. खिचडीची सुट्टी. पण मग रोज का नाही? 'आधी काय झालं' या रकान्यात पहिल्या आठवड्यात बाईंनी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. पुढे पुढे एकच शब्द येत गेला. विनाकारण. विनाकारण. मंगळवारच्या नोंदीसमोरही तोच, लाल पेनने : विनाकारण.

शाळा किती दिवस भरली ते तिने कॅलेंडरवरून मोजलं. एकोणचाळीस. नोंदी असलेले दिवस सतरा. म्हणजे बावीस दिवस असे होते की ज्यांचं उजवं पान कोरं होतं. चेतनाचा हात तिथे थांबला. त्या बावीस दिवसांत काय झालं, हे तिला माहीत नव्हतं. तिने ते विचारलंच नव्हतं. काळ्या पडलेल्या बाटल्या तेवढ्या रजिस्टरला चढवायच्या, अशी वही तिने स्वतःच्या हाताने आखून दिली होती, पट्टीने.

कच्चं गणित मांडायला म्हणून तिने वही उलटी केली आणि मागचं पान उघडलं.

तिथेही रकाने होते. पेन्सिलीने आखलेले, पट्टी जरा घसरलेली. तीनच रकाने : तारीख. वेळ. काय झाले नाही.

अक्षर संस्कृतीचं होतं.

'२१ ऑगस्ट. गणित. खोडरबर घेतले. ओरडले नाही. बाकाखाली बसले.'

'२५ ऑगस्ट. मधली सुट्टी. मागून ढकलले. चावले नाही.'

'३ सप्टेंबर. मधली सुट्टी. खिचडीच्या सोजरबाईंनी ताटे मोजायला बोलावले. ताटे ९६. रांग नाही. काही झाले नाही.'

'४ सप्टेंबर. ताटे १०२. काही झाले नाही.'

'१० सप्टेंबर. ताटे बंद. रांग. चावले. (बाईंनी लिहिले.)'

चेतना एकेक ओळ बोटाने धरून वाचत गेली. चार पानं होती. शेवटची ओळ मंगळवारची.

'७ ऑक्टोबर. रांग. पहिल्यांदा ढकलले, चावले नाही. दुसऱ्यांदा ढकलले, चावले नाही. मग चावले. (बाईंनी लिहिले.)'

तिने 'नाही' असलेल्या ओळी मोजल्या. सवयीने पुन्हा एकदा मोजल्या. एकतीस.

खालचा सायकलचा आवाज कधी थांबला ते तिला कळलं नाही. संस्कृती दारात उभी होती, कपाळावर घाम, एका हातात चप्पल.

"ती माझी पानं आहेत," ती म्हणाली.

"हो. मी न विचारता उघडली. चुकलं माझं."

संस्कृतीने चप्पल खाली ठेवली, पण आत आली नाही. रागावली की तिची हनुवटी आधी पुढे यायची. ती तशी आली नव्हती, म्हणून चेतनाने विचारलं, "पुढची पानं पण तू वाचतेस?"

"रोज. रिक्षात. दप्तर मांडीवर असतं ना."

"सगळं?"

"तुझं अक्षर सोपं आहे. बाईंचं तिरकं आहे, पण येतं." मग, "विनाकारण म्हणजे कारण नाही, ना?"

"हो."

"मग बाईंनी 'कारण माहीत नाही' असं लिहायला पाहिजे. कारण असतं. त्यांना माहीत नसतं."

चेतनाने वही मिटली. दोन शिकलेल्या बायका आठ आठवडे एका मुलीबद्दल एकमेकींना लिहीत होत्या आणि ते तिच्याच मांडीवर ठेवून पोचतं करत होत्या. तिसरीतल्या मुलीला वाचता येतं, हे दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. एकीने तर तिला वाचायला शिकवलं होतं.

"मला सांगितलं का नाहीस गं हे?"

"तू विचारतेस, आज काय केलंस. काय नाही केलं, ते नाही विचारत."

चेतनाने संस्कृतीला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि उद्या काय आहे ते सरळ सांगितलं. अर्ज दाखवला. बाबांची सही दाखवली. संस्कृतीने अर्ज वाचला, तोही शेवटपर्यंत.

"घरगुती अडचण म्हणजे मी?"

"कागदावर तसं लिहायची पद्धत असते."

"शाळा बदलली तर सोजरबाई नसतील."

"नसतील."

"ही मागची पानं उद्या दाखवू का?" चेतनाने विचारलं. "तू हो म्हणालीस तरच."

संस्कृतीने टेबलावरच्या मिठाच्या बरणीचं झाकण फिरवून घट्ट केलं, सैल केलं. "बाईंना दाखव. सरांना नको. आणि अजिंक्यच्या पप्पांना तर नकोच."

"का?"

"ते म्हणतील, नाही चावलीस त्यात काय एवढं. कुणीच नाही चावत."

चेतना फक्त "बरं" म्हणाली, आणि ते वचन दिल्यासारखं झालं.

शनिवारची शाळा सकाळची. पावणेअकराला ती संस्कृतीला घेऊन पोचली तेव्हा मुलं सुटत होती. देवदत्त कॉलेजच्या परीक्षेच्या कामाला गेला होता, निघताना दारात बूट घालत म्हणाला होता, "माझी सही आहे म्हणून तूही केलीच पाहिजेस असं नाही. पण हरायचं असेल तर लवकर हरावं, एवढंच." मग संस्कृतीच्या डोक्यावरून हात फिरवून तो गेला होता.

स्वयंपाकाच्या खोलीबाहेर सोजरबाई पातेलं घासत बसल्या होत्या. खिचडी शिजवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. संस्कृतीला पाहून त्यांनी हात राखेत तसाच ठेवला.

"आली का माजी मास्तरीण? बस हितं. आज खिचडी न्हाय, पर बस." मग चेतनाकडे वळून, "हिच्यासारकी मोजनारी न्हाय बगा, ताई. एक ताट कमी भरलं तर मला घरला जाऊ देत न्हवती. नळापाशी जाऊन हुडकून आनलं एकडाव."

"तुम्ही तिला मुद्दाम बोलवायचात का, सोजरबाई?"

"व्हय की. उंचीपरमानं रांग असती. हिच्या मागं तो अजिंक्य, त्याच्या मागं समदी दांडगी पोरं. मागनं ढोसाढोसी सुरू झाली की ह्यो हिच्यावर येऊन आदळायचा. त्याचा तरी काय दोस? ही आपली अंग चोरून हुबी. म्हनलं, ये बाई हिकडं, ताटं मोज. चार रोज बेस चाललं. मग सर म्हनले, पोरान्ला कामाला लावू नगा, तपासनीला कोन आलं तर माज्या गळ्याशी यील. म्या बंद केलं. आमचं काय, सांगतील तसं."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"मला कोन इचारतंय?" सोजरबाई म्हणाल्या. त्यात रुसवा नव्हता. त्यांनी पातेलं फिरवलं आणि पुन्हा घासायला घेतलं.

अजिंक्यचे वडील, रामहरी, मुख्याध्यापकांच्या खोलीत आधीच येऊन बसले होते. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात होते. रात्रपाळी करून तसेच आले होते, शर्टाच्या खांद्यावर सुताचा कापूस अजून चिकटलेला. शेजारी अजिंक्य, पलीकडे इंद्रायणी बाई. सरांनी काही म्हणायच्या आत रामहरींनी मुलाची बाही वर केली.

वरचे चार दात, खालचे चार. कडेने पिवळं पडत चाललं होतं. चेतनाने फोटोत ते पाहिलं होतं. समोर पाहणं वेगळं होतं. तिने नजर काढली नाही.

"चार रोज झालं, ह्या कुशीवर झोपत न्हाय," रामहरी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "बाई, तुमच्या पोरीचं वाटुळं व्हावं असं मला वाटत न्हाय. लेकरूच हाय ते. पन माज्या पोरानं रोज भ्यायाचं का? तेवढं सांगा."

"नाही," चेतना म्हणाली. "त्याने भ्यायला नको. हे झालं ते वाईट झालं. त्याला लागलं, त्याबद्दल मी तुमची आणि त्याची माफी मागते."

रामहरींनी बहुधा भांडणाची तयारी करून ठेवली होती. ते बाही खाली करत राहिले, ती खाली आल्यावरही.

सरांनी टेबलावर बोटं टेकवली. "अर्ज आणलाय का, ताई?"

"आणलाय. त्याआधी मला दोन मिनिटं बाईंशी बोलायचं आहे. बाहेर."

इंद्रायणी बाई उठल्या. व्हरांड्यात त्यांनी वही हातात घेतली, तेव्हा चेतनाने ती उलटी करून दिली आणि म्हणाली, "हे तिचं आहे. फक्त तुम्हाला दाखवायला सांगितलंय."

बाई उभ्याने वाचू लागल्या. दुसऱ्या पानावर आल्या तशा पायरीवर बसल्या. पटांगणात उरलेली मुलं दप्तरं उडवत निघाली होती, एकजण बाईंना "टाटा" म्हणून गेला. त्यांनी वर पाहिलं नाही.

"एकवीस ऑगस्ट," त्या शेवटी म्हणाल्या. "मला आठवतोय तो दिवस. ही बाकाखाली जाऊन बसली होती. मी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. सगळ्या वर्गासमोर बोलले." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "ती तिथे स्वतःला आवरत होती."

"तुम्हाला कसं कळणार?"

"किती आहेत या?"

"एकतीस."

"मला एकही दिसली नाही."

"मलाही नाही," चेतना म्हणाली. "मी तर तिच्या शेजारी बसून जेवते. रकाने मी आखले होते, बाई. न झालेलं लिहायला जागाच ठेवली नव्हती मी. आणि ती रोज वाचत होती. तुमचं, माझं, दोघींचं."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पुढची पानं उघडली, लाल अक्षरातलं 'विनाकारण' त्यांचं त्यांनी वाचलं. "हे लिहिताना मला चव्वेचाळीस जणांना वाढायचं असायचं," त्या हळू म्हणाल्या. चेतनाने मान हलवली. ते खरंच होतं. वही मिटून बाईंनी ती परत दिली नाही, छातीशी धरली आणि आत गेल्या.

"सर," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "संस्कृतीचा दाखला द्यावा असं मला वाटत नाही."

सरांनी चष्मा काढला. "मंगळवारी तुम्हीच म्हणालात, माझ्याने होत नाही."

"म्हणाले होते."

"मग चार दिवसांत काय बदललं?"

"ते सांगायची मला मुभा नाही. मी पाहिलंय, एवढं धरा." बाईंनी वही दुसऱ्या हातात घेतली. "खिचडीची रांग एक नको, दोन करू. संस्कृती रांगेत उभी राहणार नाही. ती सोजरबाईंपाशी ताटं मोजेल."

"ते मीच बंद केलंय. तपासणी आली, कुणी फोटो काढला, मुलांकडून कामं करून घेता म्हणून—"

"मोजणं हे गणित आहे, सर. ताटाला हात लावायचा नाही, फक्त मोजायचं आणि फळ्यावर आकडा लिहायचा. मी लेखी देते. माझ्या जबाबदारीवर."

सरांनी टेबलाच्या काचेकडे पाहिलं. सप्टेंबरच्या त्या चार दिवसांचा हिशेब तेही मनात लावत असावेत. माणूस वाईट नव्हता. नियमाला घाबरणारा होता.

"आणि फिरून चावली तर?" रामहरींनी विचारलं. ते चेतनाकडे पाहत होते. सगळेच चेतनाकडे पाहत होते.

नाही चावणार, असं म्हणता आलं असतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला तेच ऐकायचं होतं.

"चावेल," ती म्हणाली. "एकदम थांबणार नाही. कमी होतंय का, ते बघायचंय. दिवाळीनंतर एक महिना द्या. दर शनिवारी मी इथे येईन, तुम्हीही या. महिन्याने कमी झालेलं नसेल तर तुमच्यासमोर या अर्जावर सही करीन. तुम्हाला पुन्हा मागावी लागणार नाही."

तिने घडी उलगडून अर्ज टेबलावर ठेवला. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हे देवदत्तला न विचारता बोललो.

रामहरींनी अर्जाकडे पाहिलं, मग मुलाकडे. "काय रं? तुला काय वाटतंय?"

आपल्याला असं कुणी विचारेल याची अजिंक्यला कल्पना नसावी. तो बाहीशी खेळत म्हणाला, "ती ताटं मोजती तवा चावत न्हाय."

तिसरीच्या वर्गाला जे ठाऊक होतं, ते या खोलीत आज पहिल्यांदा पोचलं होतं.

"हे तू आधी का न्हाय सांगितलंस?"

"तुमी फोटो काढत हुता," अजिंक्य म्हणाला. आणि मग, धीर येऊन, "मला बी मोजायचीत."

"म्हैनाभर बघू," रामहरी म्हणाले. ते उठले, दाराशी जाऊन परत वळले. "म्हैनाच, बाई." अर्ज सरांनी काचेखाली सरकवला, समोरच्या खुर्च्यांवरून वाचता येईल असा.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी संस्कृती एका मुलीच्या बोटाला चावली. रिक्षातून उतरल्यावर तिने स्वतःच वही काढून आईच्या हातात दिली आणि आत जाऊन पलंगावर पालथी पडून राहिली. चेतनाने तिथेच पायरीवर उभं राहून वाचलं. उजव्या पानावर आता रकाने सहा होते; सहावा, मागच्या पानांवरून मालकिणीला विचारून पुढे आणलेला.

'११.१५. वर्ग. बोटाला चावली. आधी काय झालं : मला माहीत नाही, मी फळ्याकडे तोंड करून होते. काय झालं नाही : सोडवल्यावर पळून गेली नाही. माझ्यापाशी येऊन उभी राहिली.'

लाल नाही, निळ्या पेनने. त्याच्या खाली पेन्सिलीने, रिक्षाच्या हिसक्यांनी वाकडं झालेलं :

'तिने माझे पुस्तक ओढले. बाईंना सांगणार होते. दात आधी गेले.'

चेतना आत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. संस्कृतीच्या पाठीवर हात ठेवून ती बसून राहिली. थोड्या वेळाने संस्कृती उशीतच म्हणाली, "आज ताटं अठ्ठ्याण्णव होती."

महिन्यात चार शनिवार आले. रामहरी तीनदा आले, एकदा पाळी बदलली म्हणून येणं राहिलं. चौथ्या शनिवारी बाईंनी वेगळ्या कागदावर उतरवलेले आकडे वाचून दाखवले. चावणं तीनदा, ओरबाडणं दोनदा. आधीच्या महिन्यांच्या निम्म्याहून कमी.

"तीन बी लई हाईत," रामहरी म्हणाले.

"हो," चेतना म्हणाली. "लई आहेत."

"माज्याला किती?"

"एकदाही नाही."

रामहरींनी ते मनाशी घोळवलं. मग काचेवर बोट टेकवून सरांना म्हणाले, "मग ह्यो कागद कशाला ठिवलाय हितं?"

सरांनी काच उचलून अर्ज काढला आणि चेतनासमोर धरला. तो टेबलाच्या दमटपणाने काचेला थोडा चिकटला होता, एक कोपरा निघताना फाटला. तिने तो फाडून टाकला नाही. पुढच्या महिन्यात काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं ती कधी ठाऊक आहे असं लिहीत नसे. तिने त्याची घडी केली आणि वहीत ठेवून दिला, पुढून आलेली पानं संपतात आणि मागून आलेली सुरू होतात तिथे. टिंबांची ओळ रिकामीच होती.

व्हरांड्यात संस्कृती वाट पाहत उभी होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"सही झाली नाही," चेतना म्हणाली.

संस्कृतीने दप्तरातून पेन्सिल काढली आणि वहीसाठी हात पुढे केला.